अर्धवट कामांची गर्दी

टिटवाळ्यात बोलतोय, तर लोकलपासूनच सुरुवात करू. कल्याण सोडलं, की कसाऱ्याच्या दोनच मार्गांवर लोकल आणि मेल गाड्या एकत्र धावत आल्या आहेत. आंबिवलीला एक गाडी अडली, की मागची शहाडला उभी. अशा वेळी कल्याणहून आणखी चार गाड्या सोडल्या, तर आपण लवकर घरी पोचू का? नाही ना?

सॉफ्टवेअर टीममध्ये आम्ही नेमकं हेच करत होतो. माणसं सात, सुरू कामं वीस. कोड लिहून झालेला, पण तपासायला कुणाला वेळ नाही. रोज सकाळी विचारलं तर उत्तर एकच, 'जवळजवळ झालंय.' तारीख हुकली, रात्री जागवल्या, शेवटची लोकलही चुकली.

मग दोन माणसं वाढवली. काम आणखी लांबलं! उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. सात जणांत संवादाच्या 21 जोड्या होतात, नऊ जणांत 36. शिवाय नव्यांना शिकवायचं जुन्यांनीच.

उपाय दुसरीकडे आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये एक नियम सिद्ध केला: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं. हातात वीस, आठवड्याला चार पूर्ण, म्हणजे पाच आठवडे. तोच वेग ठेवून हातात आठच घेतली, तर दोन आठवडे. कुणीही जास्त वेगाने टाइप केलेलं नाही!

टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान कार्डांनी हेच साधलं. पुढे जागा झाल्याशिवाय मागून माल येत नाही. आम्ही फळा लावला: 'करायचं', 'सुरू', 'तपासणी', 'झालं'. तपासणीत तीनच कामं. रकाना भरला, की नवं काम घ्यायचं नाही. आधी सहकाऱ्याचा कोड तपासायचा. बदलही छोटे ठेवायचे, म्हणजे तपासणारा टाळत नाही.

पहिले काही दिवस हात रिकामे वाटतात, अपराधी वाटतं. तेवढं सोसावं लागतं. पण मग अडलेलं काम फळ्यावर सगळ्यांना दिसतं आणि ते एकट्याचं राहत नाही.

तेव्हा उद्या टीममध्ये 'तू काय करतोयस?' असं विचारू नका. 'काय अडलंय?' असं विचारून बघा.