एक मिलिमीटर पाऊस

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. शाळेतल्या पोरालाही हे गणित तोंडी जमेल. ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पत्र्यांवर मांडून पाहू.

टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या शेड, त्यांच्यामधले काँक्रीटचे रस्ते, माल चढवायची फरसबंद अंगणं असं सगळं मिळून एक हेक्टर धरा. हस्ताच्या एखाद्या रात्री त्यावर 100 मिलिमीटर पाऊस कोसळला, तर 10 लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. पत्रा पाणी पीत नाही, त्यामुळे त्यातले नव्वद टँकर तरी पन्हळीतून थेट गटारात जातात, तेही पडल्यापासून काही मिनिटांत. शंभर हेक्टर धरले तर गटारात उतरतात नऊ हजार टँकर, आणि ते सगळे एकाच रात्रीत.

याच जमिनीवर ज्वारी होती तेव्हाही पाऊस एवढाच पडायचा. पण उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिले पाऊस घटाघटा पिऊन घ्यायची, खालचा मुरूम उरलेलं हळूहळू जिरवायचा आणि ओढ्याला पाणी यायला वेळ लागायचा. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी याची ढोबळ वाटणी मांडली आहे. मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा वाहून जातो आणि जवळजवळ निम्मा जिरतो. तीच जमीन तीन चतुर्थांशापेक्षा जास्त झाकली की निम्म्याहून जास्त वाहून जातो आणि जिरतो फक्त 15 टक्के. आपली काळी माती एकदा तुडुंब भरली की तीही पाणी सोडते, म्हणून आपल्याकडे आकडे थोडे हलतील. पण वाहणारं पाणी पाचपट व्हावं आणि विहिरीकडे जाणारं तिसऱ्या हिश्श्यावर यावं, हा फरक मातीच्या जातीवर ढकलून देता येणार नाही.

आता सगळं सोलापूर घेऊ. महापालिकेची हद्द 178.57 चौरस किलोमीटर. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस, म्हणजे रस्त्यावरची धूळ जेमतेम दबेल एवढा, पडला तरी होतात सुमारे 17 कोटी 86 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या होती 9,51,558. माणशी रोज 135 लिटर या सरकारी मापाने त्यांची दिवसाची गरज येते 12 कोटी 85 लाख लिटर. सोलापूरवर पडणारा एक मिलिमीटर पाऊस या शहराच्या एका दिवसाच्या पाण्यापेक्षा जास्त भरतो! मी हा हिशेब तीनदा करून पाहिला. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला तरी शहराच्या डोक्यावर साडेतीन टीएमसीच्या जवळपास पाणी पडतं आणि वर्षाची गरज पावणेदोन टीएमसीच्या आत बसते. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ते शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून आणावं लागतं.

हा सगळा पाऊस अडवता येत नाही, हे मान्य. बराचसा वाफ होऊन जातो आणि झाडांना, मातीलाही त्यांचा वाटा हवाच. पण आपण जो दवडतो, तो जाताना ओढ्याचं काय करतो ते पाहा. एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉपकिन्स या इंग्रज गणितज्ञाने दाखवलं, की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो पूर्वीच्या 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतो. दुप्पट नव्हे, चौपट नव्हे, चौसष्टपट! पत्र्यावरून सुटलेलं पाणी म्हणूनच ओढ्याचे काठ खरवडतं, आणि ती माती खालच्या तलावात जाऊन बसते. लिटरमागे एक ग्रॅम गाळ धरला, तर त्या नऊ हजार टँकरांतून एका रात्रीत 90 टन जातो. दहा टनांच्या नऊ गाड्या.

तेलाचाही हिशेब आहे. वापरलेलं एक लिटर इंजिन तेल दहा लाख लिटर पाणी नासवू शकतं, असं अमेरिकी पर्यावरण खातं सांगतं. दहा लाख लिटर म्हणजे आपल्या एका हेक्टरवरचा अख्ख्या रात्रीचा पाऊस. ट्रकखाली सांडलेलं एक लिटर त्याला पुरतं.

पाणलोटाचा दहावा भाग झाकला गेला की ओढा बिघडायला लागतो आणि पाव भाग झाकला की त्यातली जीवसृष्टी टिकत नाही, असं अमेरिकी अभ्यासक टॉम श्यूलर यांनी 1994 मध्ये मांडलं होतं. कारखान्यांचे पट्टे, गोदामं आणि नव्या वसाहती यांना दहा टक्के गाठायला किती वर्षं लागतात? अक्कलकोट रस्त्यालाच पुढे कुंभारीत रे नगरची 30,000 घरांची वसाहत आहे. त्यातली पहिली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये लोकांच्या हाती आली. विडी आणि यंत्रमाग कामगारांना पक्कं छप्पर मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण 30,000 कुटुंबांची छपरं, रस्ते आणि अंगणं ज्या ओढ्यात पाणी सोडणार, त्या ओढ्याचं पात्र काही रुंद झालेलं नाही.

या शहराला पाण्याची अक्कल नव्हती असं कोणी म्हणू नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदवलं, ते आजही शहराच्या मध्यात आहे. 1871 मध्ये आदिला नदीवर एकरूखचा तलाव झाला, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो. त्याची क्षमता सुमारे 6,000 कोटी लिटर. आदिलेचं पाणी पुढे सीनेला मिळतं आणि हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. तिथे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांपूर्वी मराठी माणसाने ज्या संगमावर अक्षरं कोरली, तिथेच आज आपल्या गटारांतलं तेल आणि गाळ पोचतो. आदिलेला कागदावर नदी लिहितात आणि बोलताना नाला म्हणतात. तिथूनच तिचं मरण सुरू झालं, असं माझं मत आहे.

कारखानदारांना माझी एकच विनंती आहे. येत्या मृगाआधी आपल्या शेडची लांबी-रुंदी टेपने मोजा. हजार चौरस मीटर पत्रा असेल तर साडेपाचशे मिलिमीटरच्या वर्षात त्यावर साडेपाच लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे पंचावन्न टँकर. पन्हळीचा पाइप गटारातून काढून शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ सोडायला एका प्लंबरला दोन-तीन दिवस लागतील.