फोटोत आंबा, खोक्यात काडी!

मे महिन्याच्या अखेरची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या चाळीतील एक ताई पुठ्ठ्याचे खोके हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "जयभीम दादा, जरा हे बघता का?"

ताई चार घरची धुणीभांडी करतात. संगमेश्वरकडील गावचे पडके घर त्यांनी पै-पै जमवून नीट केले. आता अंगणात आपल्या हाताने झाडे लावायची, ही त्यांची हौस. मुलाने मोबाईलवर जाहिरात दाखविली. हातभर उंचीच्या झाडाला आंबे लगडलेले! हापूसचे कलम, कागदी लिंबू, कढीपत्ता आणि 'निळा गुलाब' अशी चार रोपे 1,180 रुपयांना मागविली. पैसे आगाऊ भरले.

खोक्यात निघाल्या रद्दी कागदात गुंडाळलेल्या चार काड्या. मुळांची माती गळून गेलेली, लिंबाची पाने पिवळी पडलेली. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, आमच्या हाताला झाडाचं यशच नाही."

वाचकहो, हे वाक्य आम्हाला फार लागले. फसवायचे दुसऱ्याने आणि बोल लावायचा आपल्याच हाताला! दुकानदाराने सडका कांदा दिला तर आपण भांडतो. मग खोक्यातून आलेल्या नुकसानीला नशीब का म्हणायचे?

आम्ही रोपे दिव्याखाली धरून पाहिली. आंब्याच्या कलमाला जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा असतो. तेथे साल थोडी फुगलेली, पाचर मारल्यासारखी खूण, बहुधा प्लॅस्टिकची पट्टीही असते. ताईंच्या रोपाला खालपासून वरपर्यंत एकच गुळगुळीत खोड. ते कोयीतून उगवलेले साधे रोप होते. हापूसची कोय लावली तरी त्या झाडाला हापूसच लागेल याची खात्री नसते. शिवाय कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरू लागते, कोयीच्या झाडाला त्याहून पुष्कळ जास्त वर्षे लागतात. म्हणजे ही फसवणूक ताईंना कळली असती सात-आठ वर्षांनी! तेव्हा कोण पावती दाखविणार आणि कोण पैसे देणार?

निळ्या गुलाबाचे तर विचारूच नका. गुलाबात निळा रंग तयार करणारे द्रव्यच मुळात नसते. जपानमधील एका कंपनीने जनुकात बदल करून तयार केलेला 'निळा' गुलाब 2009 साली बाजारात आणला, तोही जांभळटच आहे. निळे, सप्तरंगी गुलाब दाखविणारी चित्रे रंगविलेली असतात, हे मुलांना अवश्य सांगा.

त्याच रात्री आम्ही दोन कामे केली.

पहिले काम कागदाचे. खोके, त्यावरील पत्त्याची चिठ्ठी, प्रत्येक रोप आणि त्याची मुळे यांचे फोटो काढले. जाहिरातीचा फोटो व पैसे भरल्याची नोंद जपून ठेवली आणि लगेच लेखी तक्रार पाठविली. खोके फोडतानाच चित्रफीत काढली असती तर अधिक बरे झाले असते. विक्रेत्याचे उत्तर आले, "रोपे सजीव असल्याने परत घेतली जात नाहीत." बरेच लोक येथेच गप्प बसतात. परंतु ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली 2020 साली ई-व्यापाराचे नियम झाले आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावे लागते. आम्ही नियमाचा उल्लेख करून पुन्हा लिहिले आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही तक्रार नोंदविली. तेथे मराठीतही बोलता येते.

दुसरे काम रोपांचे. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी व कोरडे असेल तर आशा नाही. लिंबू आणि कढीपत्ता हिरवे होते. मुळे अर्धा तास पाण्यात ठेवून, निचरा होणाऱ्या मातीत लावून दोन्ही रोपे सावलीत ठेवली. नवी पालवी फुटेपर्यंत खत घालायचे नाही, ऊनही दाखवायचे नाही. पानांखाली पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे आणि नवे रोप काही दिवस इतर झाडांपासून दूर ठेवावे.

तीन आठवड्यांनी आंबा आणि गुलाबाचे मिळून 740 रुपये परत आले. लिंबाला पालवी फुटली. कढीपत्ता मात्र गेला. ताईंच्या मुलाने काळजीपोटी त्याला रोज तांब्याभर पाणी घातले, मुळे कुजली. तो दोष आपला, तो आपण मान्य करावा.

पैसे परत मिळाले नसते तर? जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

तरीही आमचा सल्ला असा की, फळझाड डोळ्यांनी पाहून घ्यावे. आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, त्यासाठी 1969 चा कायदा आहे. परवाना विचारावा, सांधा पाहावा, पावतीवर जात लिहून घ्यावी. मोबाईलवरून घ्यायचेच असेल तर विक्रेत्याचे नाव-पत्ता आधी वाचावा आणि शक्य तर पैसे माल आल्यावर द्यावेत.

जून अखेरीस ताई रजा घेऊन गावी गेल्या. परत आलेल्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी परवान्याच्या रोपवाटिकेतून दोन कलमे घेतली आणि सांधा मातीवर राहील अशी अंगणात लावली. परत आल्यावर त्यांनी पावती आमच्यापुढे धरली. "दादा, ही कुठं ठेवू?"

आम्ही म्हणालो, "ताई, घराच्या कागदांबरोबर."