गेटसमोरची गाडी : काय करता येतं, काय नाही

पुण्यात, ठाण्यात, नाशकात कुठल्याही गल्लीत शिरा, थोड्या थोड्या अंतरावर फाटकाला लटकवलेली पाटी दिसते : 'गेटसमोर गाडी लावू नये. चाकातली हवा सोडली जाईल.' यातलं पहिलं वाक्य कायद्याला धरून आहे, दुसरं नाही. आणि भांडण बहुधा दुसऱ्या वाक्यावरून पेटतं.

आधी पाटीबद्दल. 'पाटी लावली की जागा नो पार्किंग होते' असं घरमालक समजतात, तर 'पाटी कुठे होती?' असं गाडीवाला विचारतो. दोघांचंही चुकतं. नो पार्किंगची जागा ठरवण्याचा अधिकार सरकारने नेमलेल्या यंत्रणेचा. खासगी पाटी ही फक्त विनंती. पण फाटक मोकळं ठेवायला पाटी लागतच नाही. कुठल्याही जागेचं प्रवेशद्वार अडेल अशी गाडी लावायची नाही, हे 1989 च्या रस्ता नियमांतच होतं आणि 2017 ची नवी नियमावली आल्यावरही ते टिकून आहे.

मात्र हा हक्क फाटकाच्या रुंदीएवढाच. 'आमच्या घरासमोरचा रस्ता म्हणजे आमचंच पार्किंग' ही समजूत खोटी आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी लावायला मनाई नसेल, तर तिथे कोणीही गाडी लावू शकतो, रोज लावू शकतो. ती जागा राखायला कुंड्या, दगड, साखळ्या मांडणं हे रस्त्यावरचं अतिक्रमण आहे आणि महापालिका ते नोटीस न देता उचलू शकते. फाटक अडलं म्हणून तक्रार करणाऱ्याने निदान आपल्या कुंड्या तरी आत घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज दहा तासांचा. गाडी दहा तास उभी असल्याशिवाय पोलिसांना उचलता येत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 मध्ये दहा तासांचा उल्लेख आहे खरा, पण त्याच वाक्यात पुढे 'किंवा' आहे : गाडी दहा तास बेवारस उभी असेल, किंवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली असेल. फाटक अडवणारी गाडी या दुसऱ्या प्रकारात बसते. तिच्यासाठी घड्याळ लावून बसायचं कारण नाही. ती उचलायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला परवानगी देण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. आपण परस्पर क्रेन बोलावली, तर तसा अधिकार आपल्याला नाही.

'मी गाडीतच बसलोय, पार्किंग लाइट चालू आहेत' हेही उत्तर टिकत नाही. कलम 122 नुसार इतरांना अडथळा होईल अशा रीतीने गाडी उभी ठेवणं एवढंच गुन्ह्याला पुरेसं आहे. चालक आत बसलाय की पलीकडे चहा पितोय, याने फरक पडत नाही.

आता हवा सोडण्याबद्दल. राग समजतो; घरात रुग्ण असेल आणि दवाखान्याची वेळ टळत असेल, तर जीव कासावीस होतो. पण हवा सोडणं, आरसा फोडणं, रंगावर ओरखडे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली नुकसानीचा गुन्हा ठरतो, आणि तक्रारदार तुमच्याऐवजी गाडीवाला होतो. शिवाय हवा गेलेली गाडी फाटकासमोरून हलणार कशी?

खरं तर बऱ्याच गाड्या आजूबाजूच्याच कुणाच्या तरी पाहुण्यांच्या असतात. त्यामुळे आधी वॉचमनला, शेजारच्या दुकानदाराला विचारावं. ॲपवर नंबर टाकून मालकाचा फोन मिळेल, या आशेवर राहू नये. तिथे नावसुद्धा पूर्ण दिसत नाही. मग फोटो काढावा : नंबर प्लेट आणि फाटक एकाच चौकटीत, गाडी किती आत आली आहे ते दिसेल असा. त्यानंतर वाहतूक शाखेला किंवा 112 ला फोन. बोलताना 'गाडी हटवायची आहे' असं स्पष्ट सांगावं, कारण नुसत्या ई-चलानने फाटक मोकळं होत नाही. घरात रुग्ण अडकला असेल, तर पहिल्याच वाक्यात तेच सांगावं.

'दंड तो किती, दोनशे रुपये' हा हिशेब जुना झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 आणि पुढे 1,500 रुपये, शिवाय टोइंगचा खर्च. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दल जुन्या दंड संहितेत कमाल दंड 200 रुपये होता. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये तो 5,000 पर्यंत आहे.

हे सगळं रस्त्यावरच्या गाडीपुरतं. सोसायटीच्या आवारात कुणी तुमच्या गाडीमागे गाडी लावली, तर ती जागा सहसा 'सार्वजनिक ठिकाण' ठरत नाही आणि वाहतूक पोलिसांची क्रेन आत येत नाही. तिथे सोसायटीचे उपविधी आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेले पार्किंगचे नियम चालतात. तक्रार सचिवांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी.