नाण्यांचा ढीग आणि लोहचुंबक

परदेशी नाण्यांचा मिश्र ढीग वजनावर विकत मिळतो. त्यातली बहुतेक नाणी सामान्यच असतात. मग वेगळे नाणे कसे ओळखाल? नाण्यावरच्या चित्राआधी त्याचा धातू तपासा.

प्रथम ढिगावरून लोहचुंबक फिरवा. पोलादी नाणी त्याला चिकटतील. शुद्ध निकेलचीही चिकटतील. उदाहरणार्थ, कॅनडाची १९५५ ते १९८१ मधील पाच सेंटची नाणी. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याला ‘निकेल’ म्हणतात, पण ते चिकटत नाही. त्यात निकेल २५ टक्के आणि तांबे ७५ टक्के असते.

आता कडा पाहा. अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यात १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी असे, वजन ६.२५ ग्रॅम. १९६५ पासूनच्या सर्वसाधारण नाण्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते आणि वजन ५.६७ ग्रॅम भरते.

युद्धासाठी तांबे वाचवायला अमेरिकेने १९४३ साली एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. चुकून मोजकीच नाणी तांब्याच्या मिश्रधातूची पडली. ती अतिशय मौल्यवान आहेत. म्हणून काही लबाड लोक पोलादी नाण्यावरच तांबे चढवतात. चुंबकाला चिकटले, की लबाडी उघड!

पण चिकटले नाही म्हणजे नाणे खरे, असे समजू नका. १९४८ मधला ८ तासून त्याचा ३ करणारेही आहेत. एका चाचणीने खोटे पकडता येते. खरे ठरवायला अनेक चाचण्या लागतात. नाण्यांप्रमाणेच विज्ञानातही हाच नियम आहे.