अनुक्रमाचा नियम आणि मोठे डेटाबेस

मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे, युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसविलेला आहे. त्यामुळे केवळ संकेतांकांवरून लावलेल्या यादीत ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो, वर्णमालेप्रमाणे तो ‘काहूर’च्याही नंतर यावयास हवा. कोशकाराच्या दृष्टीने ही गैरसोय होय. परंतु हजारो लोकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये माहितीची अचूकताच अनुक्रमाच्या नियमावर अवलंबून असते, ही गोष्ट २०१८ साली अनेकांच्या प्रत्ययास आली.

कोट्यवधी नोंदींतून एक नोंद शोधण्यासाठी त्या सर्व चाळणे शक्य नसते. म्हणून मूल्यांची क्रमवार सूची, म्हणजे इंडेक्स, वेगळी ठेवतात. तिची रूढ रचना म्हणजे रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला ‘बी-वृक्ष’. त्याच्या प्रत्येक पृष्ठाला शंभर फाटे धरले, तरी चार पायऱ्यांत दहा कोटी नोंदींमधील हवी ती हाती लागते. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो : शोधावयाचा शब्द समोरच्या शब्दाच्या आधी येतो की नंतर? एका ठिकाणी उत्तर चुकले की शोध भलत्या फांदीवर जातो, आणि अस्तित्वात असलेली नोंद ‘नाही’ असे सर्व्हर सांगतो.

हे ‘आधी की नंतर’ ठरवितो कोण? पोस्टग्रेस्‌क्यूएल हा प्रसिद्ध डेटाबेस पूर्वापार हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवीत आला; लिनक्सवर तो बहुधा ‘जीलिबसी’ या मूलभूत संग्रहाकडे जातो. या संग्रहाच्या २.२८ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, अनुक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाला अनुसरून बदलण्यात आले. अमेरिकन इंग्रजीच्या नियमाने पूर्वी ‘११’ आधी व ‘१-१’ नंतर येत असे. आता क्रम उलटा झाला. बदल क्षुल्लक दिसतो, आणि भाषिकदृष्ट्या त्यात वावगे काही नाही. परंतु जुन्या नियमाने रचलेली सूची नव्या नियमाने वाचली जाऊ लागली. नोंदी जागच्या जागी सुरक्षित होत्या. त्यांच्यापर्यंत नेणारी वाट तेवढी चुकली. एकच नाव दोनदा नोंदले जाऊ नये असा निर्बंधही याच सूचीवर उभा असल्याने, आधीचे नाव न सापडल्यास तेच नाव दुसऱ्यांदा स्वीकारले जाण्याचा धोका निर्माण झाला.

मोठ्या सेवांत हा धोका अधिक फसवा ठरतो. तेथे लेखन मुख्य सर्व्हरवर होते, तर वाचनाचा भार त्याच्या प्रतिकृती वाहतात. सेवा बंद पडू नये म्हणून नवी ऑपरेटिंग सिस्टिम प्रथम प्रतिकृतीवर बसवावयाची आणि मग तिलाच मुख्य करावयाचे, ही रीत एरवी शहाणपणाची. पण येथे तीच नडते. प्रतिकृतीत सूचीची पृष्ठे जशीच्या तशी उतरतात, वाचणारा नियम मात्र वेगळा असतो. एकाच प्रश्नाला दोन सर्व्हर दोन उत्तरे देतात, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही.

उपाय म्हणजे सूची नव्याने रचणे. वापर चालू ठेवून हे करण्याची सोय पोस्टग्रेस्‌क्यूएलच्या १२व्या आवृत्तीत (२०१९) आली. मात्र दुबार नोंदी शिरल्या असतील तर त्या आधी निस्तराव्या लागतात. १५व्या आवृत्तीपासून (२०२२) डेटाबेसच्या मूळ अनुक्रमनियमाची आवृत्तीही नोंदली जाते व तफावत आढळल्यास इशारा मिळतो. इशारा वाचणारा कोणी असला म्हणजे झाले!

यापेक्षा मूलगामी मार्ग म्हणजे सूची संकेतांकांच्या क्रमानेच ठेवणे. तो क्रम ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसतो. १७व्या आवृत्तीत (२०२४) त्यासाठी अंगभूत व्यवस्थाही आहे. नेमका शब्द शोधताना ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी असला तरी काही बिघडत नाही, भाषेचा क्रम उत्तर वाचकापुढे मांडताना लावता येतो. वर्णानुक्रमाने पानोपानी चाळावयाच्या प्रचंड यादीला मात्र भाषेच्या क्रमाची सूचीच लागते, आणि नियमाची आवृत्ती बदलली की ती पुन्हा रचावी लागते.