कलम १०६ आणि तेंदूची फळी (लेखांक सातवा)

मे महिन्यात गडचिरोलीच्या गावागावांत तेंदूची फळी, म्हणजे पाने गोळा करून मोजण्याचे केंद्र, लागते. सत्तर-सत्तर पानांची पुडकी मोजली जातात, आणि वनहक्क कायदा व पेसाच्या आधाराने कित्येक ग्रामसभा हा माल स्वतः लिलाव करून ठेकेदाराला विकतात. या विक्रीवरचा जीएसटी भरायचा कोणी? २०१७ च्या अधिसूचनेनुसार तेंदूपान विकणारा शेतकरी असेल, तर कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा. पण जीएसटी कायद्याच्या व्याख्येतला शेतकरी म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. ग्रामसभा ना व्यक्ती, ना कुटुंब. आणि जंगलातला तेंदू काही कोणी कसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याने रक्कम घटली, पेच सुटला नाही.

अशा पेचासाठीच आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे. (मराठीत ‘आगाऊ’ म्हटले की शहाणपणा आठवतो, पण इथे तो व्यवहारापूर्वी विचारून घेण्याचा शहाणपणा.) केंद्राचा एक आणि राज्याचा एक असे दोन अधिकारी त्यावर बसतात, सहआयुक्त किंवा त्यावरच्या दर्जाचे. केंद्र आणि राज्य मिळून १० हजार रुपये फी, आणि निर्णयाला ९० दिवसांची मुदत. सुनावणी कशी चालवायची, हे मात्र केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १०६ ने एका वाक्यात त्यांच्यावरच सोपवले आहे: कायद्याच्या या प्रकरणातल्या तरतुदींच्या अधीन राहून प्राधिकरण आपली कार्यपद्धती आपण ठरवील. प्राप्तिकरातल्या जुन्या प्राधिकरणालाही हीच मोकळीक होती. फरक इतकाच की तिथे कार्यपद्धतीचे स्वतंत्र नियम १९९६ मध्ये छापून आले. जीएसटीच्या नियमांत अर्जाचा नमुना, फी, आदेशाची प्रत यापलीकडे फारसे काही नाही.

ही मोकळीक धोक्याची आहे, अधिकारी ती मनमानीने वापरतील, असा आक्षेप घेतला जातो. मला भीती उलट वाटते: ती वापरलीच जाणार नाही. मनमानीला कायद्यात बांध आहेत. अर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही, आणि प्राप्तिकराच्या प्राधिकरणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कोलंबिया स्पोर्ट्सवेअर प्रकरणात उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा असल्याचे सांगितले आहे. न वापरलेल्या मोकळिकीवर मात्र कुठेच अपील नसते. तेंदूचा निकाल शेवटी एका वस्तुस्थितीवर लागेल: माल ग्रामसभेचा, की ती फक्त मजुरांच्या वतीने विकते? याचे उत्तर ठरावाच्या वहीत आणि फळीवरच्या हिशेबात आहे. मराठीत, कधी गोंडीत बोललेले. ते प्राधिकरणाच्या मुंबईतल्या टेबलापर्यंत पोहोचणार कसे? कलम १०५ ने प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिले आहेत. साक्ष नोंदवायला कमिशन नेमणे हा त्यातलाच एक. दूरचित्रसंवादाने सुनावणी, मराठी कागद जसाच्या तसा स्वीकारणे, एकाच प्रश्नावरचे दहा ग्रामसभांचे अर्ज एकत्र ऐकणे, या सगळ्याला नवा कायदा लागत नाही. शेवटची गोष्ट तर मोलाची, कारण कलम १०३ प्रमाणे निर्णय फक्त अर्जदारावर आणि त्याच्या कर अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. शेजारच्या गावाला त्याचा आधार घेता येत नाही.

यावर कोणी महानिर्मितीचे उदाहरण देईल. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र चालवणाऱ्या या कंपनीने विचारले होते, काम लांबवणाऱ्या कंत्राटदाराकडून कापलेल्या भरपाईवर कर लागतो का? २०१८ मध्ये प्राधिकरण ‘लागतो’ म्हणाले, अपिलातही तेच झाले. आणि ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने अशी भरपाई सहसा करपात्र नसल्याचे सांगितले. मग कार्यपद्धती सुधारून काय साधणार? आक्षेप वजनदार आहे, पण तो बाकावर कोण बसतो याविषयीचा आहे. खात्याचेच दोन अधिकारी न्यायाधीशाविना बसवणे हे दुखणे कलम १०६ ने बरे होणारे नाही. शिवाय महानिर्मितीचा प्रश्न कराराच्या कलमांचा होता आणि करार फाईलमध्येच होता. ग्रामसभेची वही कोणाच्याच फाईलमध्ये नाही. ती मागवायची की नाही, कोणत्या भाषेत वाचायची आणि गावच्या पाटलाची साक्ष कुठे बसून घ्यायची, हे ते दोन अधिकारी आजच्या आज एका पानावर लिहून काढू शकतात.