शहापूर-मुरबाडचें पाणी व आरोग्य

मुंबईंत नळ सोडतांना तें पाणी कोठून येतें, याचा विचार सहसा होत नाहीं. शहापूर तालुक्यांतील तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला. पुढें त्याच तालुक्यांत भातसा धरण झालें. आज शहराच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वांटा त्या एकट्याचा आहे. तरीहि शहापूर व शेजारच्या मुरबाडांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

याचें कारण भूमींतच आहे. पाऊस विपुल, परंतु चार महिन्यांचा. सह्याद्रीच्या उतारावरून तो वाहून जातो. काळ्या कातळांत फारसा मुरत नाहीं. धरणें सखल दरींत, पाडे उंचावर. आणि पाणी आपण होऊन चढत नाहीं.

२०११ च्या शिरगणतींत दोन्ही तालुक्यांची वस्ती मिळून सुमारें पांच लक्ष होती. विहीर आटली कीं स्त्रिया तळचा गढूळ झरा वाटीवाटीनें उपसतात. पहिल्या पावसांत वरची घाण त्यांतच उतरते. मग अतिसार, कावीळ, विषमज्वर बळावतात. विहिरीस कठडा बांधणें, तींत क्लोरीनची पूड टाकणें, पाणी उकळून पिणें, एवढ्यानेंहि पुष्कळ जीव वांचतात. परंतु शहराची तहान भागविणाऱ्या गांवांस शुद्ध पाणी वेळेवर मिळणें, हा उपकार नव्हे. तें देणें आहे.